गुलाबी मोती घेताना : रंगाच्या आधी पाणी

बडोद्यात घडियाळी पोळमध्ये पहिल्यांदा गुलाबी मोती बघायला गेलात की दुकानदार पाच-सहा सर एकदम समोर पसरतो आणि म्हणतो, "बेन, बधा पिंक छे" (ताई, सगळे गुलाबीच आहेत). पहिल्या मिनिटाला ते सगळे खरंच सारखे दिसतात. जरा वेळ बघत बसलात की एक सर किंचित केशरी वाटायला लागतो, दुसरा जांभळट, तिसरा नुसताच दुधी. मग गोंधळ सुरू होतो आणि बहुतेक जण त्या गोंधळातच दुकानदार म्हणेल तो सर घेऊन घरी येतात.

मी स्वतः तशीच आले होते. भाच्याची मुंज होती, संध्याकाळी सातच्या सुमाराला घाईघाईत सर घेतला. दुकानात तो अगदी गुलाबाच्या पाकळीसारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गॅलरीत उभी राहून बघितला तर चक्क अबोली. मोती खरे होते, चांगलेही होते, पण माझ्या वांगी रंगाच्या पैठणीवर ते काही केल्या बसेनात. त्यानंतर रंग बघायला शिकले ते असंच हळूहळू, चुकत. नव्याने घेणाऱ्याला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी ठरवा : कोणता गुलाबी?

दुकानात दिसणारे हे मोती बहुधा गोड्या पाण्यातले असतात. त्यांचे नैसर्गिक रंग मोजकेच आहेत: पांढरा, सायीसारखा, पीच, गुलाबी आणि जांभळा. यातल्या कुठल्याही दोहोंच्या मध्ये रेघ नाही. पीच हळूहळू गुलाबीत उतरतो, गुलाबी हळूहळू जांभळ्यात. त्यामुळे "गुलाबी" या एका नावाखाली दुकानात तीन वेगवेगळी घराणी विकली जातात. इंग्रजी नावांपेक्षा आपली फुलं-भाज्यांची नावं इथे जास्त उपयोगी पडतात, म्हणून मी तीच वापरते.

पहिलं घराणं अबोलीचं. यात गुलाबीत केशरी मिसळलेला असतो. फिकट असेल तर पिकू लागलेल्या पेरूच्या गरासारखा, गडद असेल तर थेट अबोलीच्या फुलासारखा. दुकानदार याला कधी पीच म्हणतात, कधी सालमन, आणि गिऱ्हाईक गुलाबी मागत असेल तर सरळ पिंक. सोन्याबरोबर हा रंग फार सुरेख दिसतो, कारण दोघांतही पिवळ्याचा अंश असतो. गव्हाळ आणि सावळ्या कांतीवर तर तो उजळून निघतो. मला आता तोच सर्वांत आवडतो, पण त्या मुंजीच्या दिवशी मला तो नको होता, हेही खरं.

दुसरं घराणं निव्वळ गुलाबी: देशी गुलाबाच्या पाकळीच्या देठाजवळ जो फिका भाग असतो, तसा. यात ना केशरी ना जांभळा. हा सर्वांत कमी सापडतो. पाच सर समोर असले तर त्यातला एखादाच असा निघतो, आणि तोही शेजारी अबोली आणि जांभळा ठेवल्याशिवाय ओळखू येत नाही. म्हणून एकटा सर बघून रंग ठरवू नका, नेहमी तीन सर शेजारी मागून घ्या.

तिसरं घराणं कांद्याच्या पापुद्र्याचं. लाल कांदा सोलताना आतला जो पातळ, ओलसर, जांभळट गुलाबी पापुद्रा हातात येतो, तो उजेडाकडे धरून बघा. हुबेहूब तोच रंग. जरा गडद झाला की याला लव्हेंडर किंवा मॉव्ह म्हणतात. चांदी, पांढरं सोनं, वांगी, निळं, राखाडी वस्त्र यांच्याबरोबर हा शोभतो. पिवळ्याधमक सोन्यात मात्र तो मळकट दिसू शकतो.

या तिघांखेरीज एक चौथा प्रकार आहे, ज्याने नवखे हमखास फसतात: पांढरा मोती, पण त्याच्यावर गुलाबी झाक. मोत्याचा रंग तज्ज्ञ तीन थरांत बघतात. अंगचा रंग, त्या रंगावर तरंगणारी झाक, आणि काही मोत्यांत दिसणारी इंद्रधनुष्यासारखी हलती छटा. पांढऱ्या मोत्यावरची गुलाबी झाक ही सुंदरच गोष्ट आहे आणि तिच्यासाठी लोक जास्त पैसेही मोजतात, पण तो गुलाबी मोती नव्हे. ओळखायची रीत सोपी आहे. मोती बोटांत हळूहळू फिरवा. झाक फिरवताना सरकते. अंगचा रंग जागचा हलत नाही.

हा रंग येतो कुठून

थोडक्यात सांगते, कारण हे समजलं की पुढच्या पायऱ्या आपोआप पटतात. आज बाजारात मिळणारे गोड्या पाण्यातले बहुतेक मोती चीनमधले, त्यातही झेजियांग प्रांतातलं झूजी हे त्यांचं मोठं केंद्र. तिथे तळ्यांत मोठे शिंपले पाळतात. एका शिंपल्याच्या आतल्या मऊ पडद्याचे इवले तुकडे कापून दुसऱ्या शिंपल्यात रोवतात, एकेका शिंपल्यात वीस-तीस किंवा त्याहूनही अधिक. शिंपल्याच्या आतलं चकचकीत अस्तर याच पडद्यातून तयार होत असतं. रोवलेल्या तुकड्याभोवती तेच अस्तर थरावर थर चढत जातं आणि काही वर्षांनी मोती होतो. समुद्रातल्या अकोया मोत्यात आत गोल मणी घातलेला असतो, यात सहसा तो नसतो. मोती आरपार मोत्याचाच असतो.

रंगद्रव्य थरांतच मिसळलेलं असतं आणि कोणता रंग येईल हे बऱ्याच अंशी तो पडद्याचा तुकडा कोणत्या शिंपल्यातून घेतला यावर ठरतं. म्हणूनच एकाच शिंपल्यातून पांढरा, अबोली आणि जांभळा असे सख्खे भाऊ निघू शकतात. झाक आणि इंद्रधनुषी छटा येते ती अतिशय पातळ थरांवरून परतणाऱ्या उजेडाच्या खेळामुळे, साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तशीच.

अलीकडे मणी घालून वाढवलेले मोठे, गडद जांभळे आणि गुलाबी मोतीही येतात. त्यांना बाजारात एडिसन म्हणतात. दहा-बारा मिलिमीटरचा टपोरा, गडद दाणा दिसला म्हणजे तो रंगवलेलाच असेल असं लगेच धरू नका, पण चौकशी जास्त करा.

बघायला जाताना

सकाळी अकराच्या सुमाराला जा. उन्हाची तिरीप थेट मोत्यावर नको, सावलीतला भरपूर उजेड हवा. दुकानातले पिवळे दिवे अबोलीला गुलाबी भासवत नाहीत, उलट सगळ्याच रंगांत पिवळं ओततात, आणि मग तुलनेत जो सर कमी पिवळा तो गुलाबी वाटतो. माझं नेमकं तेच झालं होतं. निळसर पांढऱ्या एलईडीत याच्या उलट होतं आणि साधा गुलाबी मोती जांभळ्याकडे झुकतो.

उजेडासाठी सर दाराशी नेऊन बघू द्या म्हणून सांगा. चांगला सराफ त्याला नाही म्हणत नाही. पण बाहेर गेल्यावर एकदा वर बघा. मांडवीच्या आसपास बऱ्याच दुकानांवर निळी ताडपत्री बांधलेली असते. तिच्याखालून येणारा उजेड निळा असतो आणि त्यात प्रत्येक मोती कांद्याच्या पापुद्र्याचा दिसतो. दोन पावलं पुढे सरका, ताडपत्रीच्या बाहेर.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती: मोती हा आरसा आहे. चांगल्या पाण्याच्या, म्हणजे झळाळीच्या, मोत्यात तुमच्या अंगावरच्या कपड्याचा रंग उतरतो. राणी रंगाची साडी नेसून गेलात तर दुकानातला प्रत्येक पांढरा मोती तुम्हाला गुलाबी झाकेचा दिसेल. म्हणून मोती बघायला जाताना पांढरे किंवा सायीच्या रंगाचे कपडे घाला. बरोबर एक पांढरा सुती रुमाल न्या, पण नीळ न दिलेला. नीळ दिलेल्या कापडावर अबोलीसुद्धा थंड दिसतो. दुकानदाराचा मखमली ट्रे निळा किंवा काळा असतो आणि तो मोत्याला खुलवायलाच असतो. त्यावरून सर उचलून तुमच्या रुमालावर ठेवा.

ज्या वस्त्रावर घालायचे त्याचा तुकडा किंवा ब्लाउजच खिशात असू द्या. शेवटी सर मनगटाच्या आतल्या बाजूला आणि मग गळ्याशी धरून बघा, कारण रुमालावर आवडलेला रंग कांतीवर मावळतो असं पुष्कळदा होतं.

फोनवर आलेल्या फोटोवरून रंग ठरवू नका. कॅमेरा आपल्या मनाने रंग दुरुस्त करतो. लांबच्या नातेवाइकांसाठी घेत असाल तर सर तळहातावर, शेजारी पांढरा रुमाल, सावलीतल्या उजेडात असा व्हिडिओ पाठवा. त्यातूनही घराणं कळेल, नेमकी छटा कळणार नाही.

पाणी बघा

आपल्याकडे मोत्याचं "पाणी" म्हणतात ते काही उगीच नाही. रंग कितीही मनासारखा असला तरी पाणी नसलेला मोती खडूच्या गोळीसारखा दिसतो, आणि गुलाबी रंगात हा दोष लपून राहतो. पांढरा निस्तेज मोती लगेच डोळ्यांत भरतो. गुलाबी निस्तेज मोती "नाजूक" वाटतो आणि आपण तो घेऊन टाकतो.

म्हणून एकच दाणा डोळ्यांसमोर धरा आणि त्यात दार किंवा दिवा कसा दिसतो ते बघा. दाराची चौकट ओळखू येत असेल, तिच्या कडा रेखीव असतील, तर पाणी उत्तम. नुसता पांढरा ठिपका असेल आणि त्याच्या कडा धुक्यासारख्या पसरलेल्या असतील तर मध्यम. ठिपकाच नसेल तर रंगाचा मोह सोडा. अमेरिकेतली जीआयए संस्था मोत्याची पारख सात गोष्टींवर करते: आकारमान, आकार, रंग, झळाळी, पृष्ठभाग, थरांचा दर्जा आणि जुळणी. माझा क्रम विचाराल तर झळाळी सर्वांत आधी. थोडा वेडावाकडा, बटाट्याच्या किंवा बटणाच्या आकाराचा पण पाणीदार गुलाबी मोती मी गोल पण मंद मोत्याच्या बदल्यात कधीही घेईन. आणि तो स्वस्तही पडतो, कारण गोलपणाचे पैसे फार लागतात.

रंगवलेला की अंगचा?

गोड्या पाण्यातले मोती रंगवतात आणि रंगवलेले मोती विकण्यात काही गैर नाही, जोवर ते सांगून विकले जातात. भडक राणी, गुलबक्षी, लाल, हिरवा, काळा असे रंग गोड्या पाण्यातल्या मोत्यात दिसले तर ते प्रक्रियेचे आहेत असं समजून चाला. फसगत होते ती फिकट छटांत, जिथे पांढऱ्यावर हलकासा गुलाबी चढवलेला असतो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग सराफाकडे असतंच, ते मागा. मोत्याच्या मध्यावर बघत बसू नका, वेजाकडे, म्हणजे दोरा जातो त्या भोकाकडे, जा. सराच्या गाठीजवळ दोन मोती हळूच विलग करून भोकाच्या कडेवर भिंग धरा. रंगवलेल्या मोत्यात रंग तिथे साचलेला असतो: भोकाभोवती गडद कडं, किंवा आत जाणारी एखादी गडद रेघ. पृष्ठभागावर जिथे खळगा किंवा बारीक चीर असेल तिथेही असाच ठिपका. अंगच्या रंगाच्या मोत्यात भोकाच्या काठाशी थर दिसतील, पण रंगाचं डबकं दिसणार नाही. मग दोऱ्याकडे बघा. मला एकदा एका मैत्रिणीने आणलेला सर बघायला दिला होता. मोती अगदी निर्दोष दिसत होते, पण पांढऱ्या रेशमावर प्रत्येक वेजापाशी गुलाबी डाग होता, हळदीच्या बोटांनी दोरा धरावा तसा.

दुसरी खूण एकसारखेपणाची. निसर्गात पन्नास-साठ दाणे रंगाने तंतोतंत एक निघत नाहीत. जुळवणारे कारागीर खूप जवळ आणतात, तरी रुमालावर सर पसरून डोळे किंचित बारीक केलेत की एखादा दाणा उबदार, एखादा थंड दिसतोच. अजिबात फरक नसेल आणि किंमतही कमी असेल तर संशय घ्यायला जागा आहे.

रंग उतरतो का हे बघायला घरी अॅसिटोन, व्हिनेगर, लिंबू असलं काहीही लावू नका. मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आहे, आंबट पदार्थ त्याला खातात. मोठी रक्कम गुंतणार असेल तर प्रयोगशाळेचा दाखला मागा.

मोती मुळात खरा की काच-प्लास्टिकचा, हे दोन दाणे एकमेकांवर अगदी हलके घासून कळतं: खऱ्यात बारीक रवाळ खरखर जाणवते, नकली गुळगुळीत सरकतो. पण हा फक्त खऱ्या-खोट्याचा निवाडा आहे. रंगवलेला मोतीही खराच असल्यामुळे तो या परीक्षेत सहज पास होतो.

जुळणी

सराचा मधला भाग पुढे गळ्यावर येतो, त्यामुळे सर्वांत चांगले दाणे तिथे ओवलेले असतात. सर दुमडून टोकाचे मोती मधल्या मोत्यांशेजारी आणा. रंगात आणि पाण्यात किती उतार आहे ते एका नजरेत कळेल. मग सर रुमालावर हाताने लोळवा. एखादा दाणा डुगडुगला तर त्याचं वेज तिरकं पडलंय.

कुड्या करणार असाल तर जुळणी सरापेक्षाही कडक लागते. सात मोत्यांच्या कुडीला दोन कानांचे मिळून चौदा दाणे हवेत आणि ते चेहऱ्याच्या दोन बाजूंना लोकांच्या नजरेसमोर असतात. एक कान अबोली आणि एक जांभळट झाला तर लांबूनही कळतं. नथीत मात्र मी गुलाबी मोती घालू नये असंच सांगेन. तिथे शेजारी माणकाचा लाल खडा असतो, त्याच्यापुढे बिचारा गुलाबी रंग फिका पडून मळका पांढरा दिसतो. नथीला पांढराच हवा. गुलाबीची शोभा एकसरीत, कुड्यांत किंवा तन्मणीच्या सरांत.

नावांवर जाऊ नका

बडोद्यात मोती म्हटलं की बसरा, म्हणजे इराणच्या आखातातला नैसर्गिक मोती, हा शब्द येतोच. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमाराला करवून घेतलेली मोत्यांची चादर, गायकवाडांच्या सात सरांच्या कंठ्यातले मोती, हे सगळं आखातातल्या समुद्राचं, पाणबुड्यांनी काढलेलं नैसर्गिक धन. त्या कंठ्यातल्या ६८ मोत्यांचा दोनपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरच्या वर गेला. यावरून एवढंच लक्षात घ्या की तुमच्यासमोरचा गुलाबी सर परवडणाऱ्या किमतीत "बसरा" म्हणून कोणी देत असेल तर ते नाव तिथे लागू नाही. "हैदराबादी" हे नावही मोती कुठे पिकला ते सांगत नाही. हैदराबाद मोती विंधण्याचं आणि ओवण्याचं जुनं केंद्र आहे, माल बराचसा चीनचाच. यात कमीपणा काही नाही. तळ्यात वाढलेला चांगला गुलाबी मोती स्वतःच्या नावाने सुंदर आहे.

बिल

सोन्यात घडवून घेत असाल तर हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, मोत्याबद्दल काही सांगत नाही. एकूण वजनातून मोत्यांचं वजन वजा करून सोन्याची किंमत लावली आहे ना, ते बघा. मोत्यांची ओळ वेगळी लिहून घ्या: गोड्या पाण्यातले, कल्चर्ड (म्हणजे पाळलेल्या शिंपल्यांतले), रंग नैसर्गिक किंवा रंगवलेला, मापाचे मिलिमीटर आणि नग. "पिंक मोती" एवढंच लिहिलेलं बिल बदलायला गेलात तर कामाचं नाही.

घरी आल्यावर

अत्तर, पावडर, हेअरस्प्रे सगळं झाल्यावर मोती घाला आणि घरी आल्यावर सर्वांत आधी तेच उतरवा. ओलसर मऊ कापडाने पुसून, सपाट ठेवून वाळू द्या. घाम फार वाईट. म्हणून नवरात्रात गरब्याला मोती नकोत, कितीही मोह झाला तरी. तीन तास घामात भिजलेला रेशमी दोरा ताणतो आणि मोत्याचं पाणी मंदावतं. सोन्याच्या आणि खड्यांच्या दागिन्यांबरोबर एका डब्यात टाकू नका, मोती मऊ असतो आणि चटकन चरे पडतात. वेगळी सुती पिशवी शिवा. अंगचा गुलाबी रंग तसा टिकाऊ असतो, पण मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात किंवा बंद गाडीत मोती विसरू नका.

नेहमी वापरत असाल तर वर्षा-दोन वर्षांनी सर पटवेकऱ्याकडे नेऊन पुन्हा गाठवून घ्या, प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ मारून. दोरा तुटला तरी मग एकच दाणा निसटतो. पटवेकरी विचारेल, गुलाबी रेशीम घालू का, मोत्याला जुळेल. नको म्हणा, पांढरंच घालायला सांगा. रंगीत दोरा वेजातून आणि गाठींतून डोकावतो आणि मोत्याचा रंग आहे त्यापेक्षा गडद भासवतो. आणि मोती रंगवलेले असतील तर पांढऱ्या दोऱ्यावर ते एक ना एक दिवस उमटतंच.